मानेंतील धमनी आणि जिभेची साक्ष

बारामतीचें नांव घेतलें कीं मराठी वाचकाला मोरोपंत आठवतो. १७२९ सालीं पन्हाळ्यास जन्मलेला हा कवि तरुणपणीं बारामतीस आला, बाबूजी नाईकांच्या आश्रयाला राहिला, आणि १७९४ सालीं देह ठेवीपर्यंत कऱ्हेच्या कांठीं आर्या रचीत राहिला. त्याच्या अष्टोत्तरशत रामायणांत 'निरोष्ठ रामायण' नांवाचें एक प्रकरण आहे. ओठाला ओठ लावल्यावांचून जीं उच्चारतां येत नाहींत तीं अक्षरें त्यांत वर्ज्य आहेत. प, फ, ब, भ, म हा सबंध वर्ग नाहीं. म्हणजे रामाची कथा सांगावयाची आणि 'राम' एवढें नांव मात्र तोंडांतून काढावयाचें नाहीं! कोणी ह्या करामतीचें कौतुक करतात, कोणी तिला शब्दांची कसरत म्हणून हिणवितात. तो वाद आज माझ्यापुढें नाहीं. मला बोलावयाचें आहे तें एका रोगाविषयीं: मानेंतील धमनी आंतून फाटून होणारा पक्षाघात, आणि त्याच्या आगेमागें डोळा, जीभ, गळा यांवर उमटणारीं विलक्षण लक्षणें. मोरोपंताची आठवण अशासाठीं केली कीं, कोणतें अक्षर तोंडांत कोठें जन्म घेतें ह्याचें ज्याला भान आहे, त्याला हा विषय समजावयास अवघड नाहीं.

आपल्या वर्णमालेची मांडणीच उच्चारस्थानांवर झालेली आहे: कंठ, तालु, मूर्धा, दंत आणि ओष्ठ. प्राचीन वैयाकरणांनीं तोंडाचा हा नकाशा काढून ठेविला. त्या त्या स्थानाला हलविणारी दोरी कोठून येते हें शोधण्याचें काम पुढें शारीरशास्त्रानें केलें. मेंदूपासून मज्जातंतूंच्या बारा जोड्या निघतात. त्यांपैकीं सातवी जोडी ओठ आणि चेहरा हलविते. बाराव्या जोडीवांचून जीभ वळत नाहीं. त, थ, द, ट, ठ, ड, ल हीं अक्षरें तिच्या हवालीं आहेत. दहावी जोडी टाळूचा मऊ पडदा उचलते आणि स्वरयंत्र चालविते. ती दुबळी झाली कीं आवाज घोगरा होतो, शब्द नाकांतून येऊं लागतात, पाणी पितांना ठसका लागतो. नववी जोडी जिभेच्या मागच्या भागाची चव आणि घशाची संवेदना वाहून नेते. अकरावी खांदा उचलते आणि मान वळविते.

आतां ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, ह्यांतील शेवटच्या चार जोड्या कवटीच्या तळांतील छिद्रांतून बाहेर पडतांच मानेंतील मोठ्या धमनीला अगदीं खेटून असतात. शिवाय त्या धमनीच्या अंगावरूनच, झाडावर वेल चढावी तसें, बारीक मज्जातंतूंचें एक जाळें डोळ्याकडे जातें. पापणी उचलून धरण्यास हातभार लावणें आणि बाहुली मोठी करणें हें त्या जाळ्याचें काम होय.

मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या चार आहेत. दोन पुढच्या, त्यांना कॅरॉटिड म्हणतात. जबड्याच्या कोनाखालीं बोटें टेकलीं असतां जो ठोका लागतो तो त्यांचा. दोन मागच्या, त्या मानेच्या मणक्यांतील छिद्रांतून वर चढतात आणि त्यांना व्हर्टिब्रल असें नांव आहे. धमनीची भिंत तीन पदरांची असते. कधीं मानेला हिसका बसून, तर कधीं कांहींहि कारण न दिसतां, आंतल्या पदराला चीर पडते. रक्त त्या चिरेंतून दोन पदरांच्या मध्यें शिरतें आणि तेथें सांचून भिंत फुगवितें. भिंत आंत फुगली तर रक्ताचा मार्ग अरुंद होतो. तेथें गुठळी धरते, ती सुटून मेंदूंत जाते आणि पक्षाघात होतो. भिंत बाहेर फुगली तर शेजारच्या मज्जातंतूंवर दाब किंवा ताण पडतो. पापणी, बाहुली, जीभ, आवाज, चव यांच्या तक्रारी येथून उद्भवतात. आणि ह्या तक्रारी पुष्कळदां पक्षाघाताच्या कांहीं तास, कांहीं दिवस, क्वचित् कांहीं आठवडे आधीं येतात. हा मधला अवधि हीच ह्या रोगांतील सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

एक कल्पित प्रसंग डोळ्यांपुढें आणूं. इंदापूर तालुक्यांतील एखाद्या वस्तीवरची चाळिशीची गृहिणी. सकाळीं उठतांना तिच्या डाव्या कानाखालीं आणि डोळ्याच्या मागें ठणका लागतो. सासूबाई म्हणतात, "अवघडून निजली असशील," आणि मानेला तेल चोळून देतात. दुसऱ्या दिवशीं आरशांत डावी पापणी किंचित् उतरलेली दिसते. जागरण झालें असेल! त्याच बाजूच्या कानांत नाडीच्या ठोक्याबरोबर सूं सूं असा आवाज येत राहतो. तिसऱ्या दिवशीं चहा बेचव लागतो, घांस जिभेवर अडखळतो, आणि मुलगा विचारतो, "आई, तूं बोबडी कां बोलतेस?" हातपाय धडधाकट, चालणें-फिरणें नेहमींचें, तेव्हां कोणालाच भय वाटत नाहीं. पांचव्या दिवशीं उजवा हात वर होत नाहीं आणि वाचा बसते. मग धांवपळ होते. परंतु धमनी चार दिवसांपासून खुणावीत होती. त्या खुणा वाचणारा घरांत कोणी नव्हता.

ह्या खुणा माणसाला वाचतां कशा आल्या त्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि त्याचा आरंभ आपल्याच देशांत करावा लागतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत एकशें सात मर्मांचें वर्णन आहे. त्यांत मानेच्या मर्मांविषयीं सांगतांना ग्रंथकार दोन गट वेगळे काढतो. आठ मातृका नांवाच्या शिरांना इजा झाली तर तत्काळ मृत्यु येतो. पण कंठनाडीच्या दोन्ही बाजूंस असलेल्या नीला आणि मन्या ह्या चार धमन्यांना इजा झाली तर मृत्यु येत नाहीं, वैकल्य येतें. तें वैकल्य कोणतें? मुकेपणा, आवाजांतील विकृति, आणि चव न कळणें. श्रोतेहो, हीं तीन लक्षणें मघांच्या मज्जातंतूंच्या यादीशीं ताडून पाहा. जीभ बाराव्या जोडीची, आवाज दहाव्या जोडीचा, चव नवव्या जोडीची. मानेंतील एकाच अरुंद जागीं ह्या तिन्ही दोऱ्या एकत्र असतात हें त्या प्राचीन निरीक्षकाला शवविच्छेदनानें नव्हे, तर जखमी माणसाकडे लक्ष देऊन पाहिल्यानें उमगलें असावें.

येथें थोडा संयम पाहिजे. सुश्रुताला धमनीच्या तीन पदरांची आणि त्यांतील चिरेची माहिती होती असें म्हणणें उतावळेपणाचें होईल. तो शस्त्राच्या घावांविषयीं बोलत होता, आणि त्याची 'धमनी' ही संज्ञा आजच्या अर्थाशीं सर्वस्वीं जुळत नाहीं. त्याच ग्रंथाच्या निदानस्थानांत अर्दित, म्हणजे तोंड वांकडें होण्याचा रोग, सांगितला आहे. त्याच्या कारणांत जड ओझें वाहणें आणि वेडेंवांकडें निजणें हींहि येतात, आणि लक्षणांत मान वळणें व वाणी अडखळणें हींहि येतात. त्यांतील बहुतेक रोगी आज आपण ज्याला चेहऱ्याचा साधा लकवा म्हणतों त्याचे असतील. मान आणि वाणी यांचा संबंध निरीक्षणांत आला होता, कारण मात्र हातीं आलें नव्हतें, एवढेंच न्यायानें म्हणतां येईल.

कारणाच्या शोधाची दुसरी पायरी युरोपांत पडली. मोरोपंताच्या जन्माच्या दोन वर्षें आधीं, १७२७ सालीं, पूरफूर द्यु पती ह्या फ्रेंच वैद्यानें कुत्र्याच्या मानेंतील मज्जातंतु कापले असतां डोळ्याच्या बाहुलीवर परिणाम होतो असें दाखविलें. डोळा वर, घाव खालीं मानेंत! तोंवर कोणाच्या स्वप्नींहि नसलेली ही गोष्ट होती. पुढें १८६९ सालीं झुरिक येथील नेत्रवैद्य योहान फ्रीडरिख हॉर्नर याच्याकडे चाळीस वर्षांची एक शेतकरी स्त्री आली. तिची एक पापणी थोडी उतरली होती, त्या डोळ्याची बाहुली बारीक झाली होती, आणि चेहऱ्याच्या त्या अर्ध्या भागाला घाम येत नव्हता. ह्या तिन्हींचें मूळ मानेंतून जाणाऱ्या एकाच मज्जातंतूंत आहे असा निष्कर्ष हॉर्नरनें काढला. त्याचें नांव ह्या लक्षणसमूहाला कायमचें चिकटलें. धमनी फाटल्यानें होणाऱ्या प्रकारांत पापणी आणि बाहुली बिघडतात, पण चेहऱ्याचा घाम बहुधा शाबूत राहतो. कारण घामाचे तंतु बहुतांशीं दुसऱ्या शाखेवरून जातात. म्हणून हें रूप अर्धेंच दिसतें आणि सहज नजरेंतून निसटतें.

मागच्या धमनीची कथा आणखी चमत्कारिक आहे. जिनीव्हाचा गॅस्पार व्ह्यूसो हा नामांकित वैद्य; १८०५ सालीं तेथें पसरलेल्या मेंदूच्या आवरणाच्या ज्वराचें पहिलें स्पष्ट वर्णन त्याचें. पुढें तो स्वतःच आजारी पडला आणि स्वतःच्याच लक्षणांची नोंद करीत गेला. भोंवळ, घोगरा आवाज, गिळतांना त्रास, उचकी, एका बाजूची उतरलेली पापणी. आणि सर्वांत विलक्षण म्हणजे चेहऱ्याची एक बाजू बधिर, तर धडाची उलट बाजू गरम-गार न ओळखणारी. हें वर्णन १८१० सालीं लंडनच्या वैद्यक मंडळापुढें वाचण्यांत आलें. ऐकणाऱ्यांना त्याचें कारण सांगतां आलें नाहीं.

तें पंचाऐंशीं वर्षांनीं सांपडलें. डॅन्झिगच्या आडोल्फ वॉलेनबर्ग यानें १८९५ सालीं अशाच एका रोग्याचें वर्णन केलें, आणि मेंदूच्या देठांतील नेमकी अमुक जागा रक्तावांचून मेली असावी असें रोगी जिवंत असतांनाच लिहून ठेविलें. रोगी वारल्यावर १९०१ सालीं त्यानें शवविच्छेदनाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. जागा तीच निघाली. केवळ चेहरा, आवाज आणि कातडीची संवेदना तपासून आंतली जागा सांगणें हा तर्काचा मोठा विजय होता. ह्या थोर माणसाला पुढें नाझी राजवटींत ज्यू म्हणून आपलें काम आणि आपला देश सोडावा लागला; तो १९४९ सालीं अमेरिकेंत वारला. ह्या प्रकारच्या पक्षाघातांत हातपाय लुळे पडत नाहींत. म्हणूनच उचकी, भोंवळ आणि घोगरा आवाज घेऊन आलेला रोगी आजहि कधीं कधीं पित्ताचें औषध घेऊन घरीं परततो.

पहिल्या महायुद्धांत, १९१५ पासूनच्या कांहीं वर्षांत, कोले, व्हर्ने आणि व्हिलारे ह्या फ्रेंच वैद्यांनीं मानेला गोळी लागलेल्या सैनिकांमध्यें शेवटच्या चार जोड्यांच्या दुखापतींचे नमुने नोंदविले. जीभ एका बाजूला वळलेली, आवाज घोगरा, खांदा पडलेला, कोणाची पापणीहि उतरलेली. सुश्रुताच्या जखमी माणसाचीं लक्षणें रणभूमीवर पुन्हां दिसलीं, पण आतां प्रत्येक लक्षणाला आपापला मज्जातंतु मिळाला होता.

मात्र बाहेरची जखम नसतांना धमनी आपोआप फाटते हें समजावयास धमनी जिवंतपणीं पाहण्याची सोय हवी होती. लिस्बनच्या एगास मोनिझ यानें १९२७ सालीं धमनींत द्रव्य सोडून क्ष-किरणांनीं मेंदूच्या रक्तवाहिन्यांचें चित्र घेतलें. १९५१ सालीं कॅनडांतील मिलर फिशर यानें पक्षाघाताचें मूळ पुष्कळदां मेंदूंत नसून मानेंतील धमनींत असतें हें ठासून मांडलें. आणि १९७८ सालीं त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं मानेंतील धमन्या आपोआप फाटण्याच्या रोगाचें सविस्तर वर्णन केलें. पुढें चुंबकीय चित्रण आलें, आणि धमनीच्या भिंतींत सांचलेलें रक्त पडद्यावर पांढऱ्या चंद्रकोरीसारखें दिसूं लागलें. जें पूर्वीं शवाशिवाय दिसत नव्हतें तें आतां जिवंत माणसांत, वेळेवर, दिसतें.

१९९६ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या वैद्यांनीं पुढची धमनी आपोआप फाटलेल्या १९० रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील १२ टक्के रोग्यांत मेंदूच्या मज्जातंतूंचे दोष आढळले, आणि त्यांत बारावी जोडी, म्हणजे जीभ, अग्रभागीं होती. येथें जिभेची साक्ष विशेष महत्त्वाची ठरते. साध्या पक्षाघातांत जीभ बाहेर काढावयास सांगितली असतां ती, वळलीच तर, लुळ्या हाताच्या बाजूला वळते. धमनी फाटून बारावा मज्जातंतु दबला असेल तर ती चांगल्या हाताच्या बाजूला वळते. आपल्या कल्पित गृहिणीचा उजवा हात लुळा पडला, पण तिची जीभ डावीकडे वळेल. म्हणजे फाटलेल्या धमनीकडे बोट दाखवावें तशी ती अपराध्याकडे वळते. हें कोडें माहीत नसलेला वैद्य गोंधळतो. माहीत असलेला लगेच मानेच्या धमन्यांचें चित्र मागवितो.

हा रोग विरळा आहे, हें खरें. रक्त अडून होणाऱ्या एकंदर पक्षाघातांत त्याचा वांटा सुमारें २ टक्के. परंतु तरुण आणि मध्यम वयाच्या माणसांतील पक्षाघात तेवढे घेतले तर हाच वांटा १० ते २५ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे हा घरच्या कर्त्या माणसांचा रोग आहे. संसार ज्यांच्या खांद्यावर, त्यांच्याच मानेवर तो येतो.

बारामती आणि इंदापूर हे तालुके नीरेच्या डाव्या कालव्यानें बागायती झाले. माळेगांव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, वालचंदनगर हीं नांवें उसाशीं जोडलेलीं आहेत. हंगामांत उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडींत चढणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या रांगा आपण पाहिल्या असतील. तालमींत मानेवर पेंच पडतात. केस कापून झाल्यावर मान कडकन् मोडून घेण्याची हौस तर गांवोगांव आहे. जड ओझें उचलणें, मान एकदम वळणें, गळा आवळला जाणें, जोराचा खोकला किंवा ओकारी, ह्या सर्वांनंतर धमनी फाटल्याचे वृत्तांत वैद्यकीय नियतकालिकांतून आलेले आहेत. ह्याचा अर्थ प्रत्येक मोळी, प्रत्येक कुस्ती घातक आहे असा नव्हे. लक्षावधि माना हें सारें सोसून ठणठणीत राहतात. पण मान मोडून घेण्यापासून मिळणारें सुख क्षणाचें आहे, आणि ती हौस सोडण्यास एक पैहि लागत नाहीं.

मग घरांतल्या माणसानें करावें काय? पूर्वीं कधीं न दुखलेल्या रीतीनें मानेची किंवा चेहऱ्याची एकच बाजू दुखूं लागली, आणि त्याबरोबर त्याच बाजूची पापणी उतरली, बाहुली लहान दिसली, जीभ वळली, आवाज बसला, चव गेली किंवा कानांत ठोक्याचा आवाज येऊं लागला, तर तेल चोळूं नये आणि मान दाबूं किंवा मोडूं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें आणि दोन्ही तक्रारी एका दमांत सांगाव्या. नाहीं तर मान हाडांच्या वैद्याकडे जाते, पापणी नेत्रवैद्याकडे, आणि दोघांनाहि अर्धीच गोष्ट कळते. तोंड वांकडें झालें, हात पडला, वाचा अडखळली तर एक घटकाहि न दवडतां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी विरघळविण्याचें औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें. बारामतीस २०१९ सालापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु पुणें बारामतीहून सुमारें १०० किलोमीटर आणि इंदापुराहून त्याहूनहि दूर. रस्त्यावर जाणारा वेळ ह्या साडेचार तासांतूनच वजा होतो. धमनी फाटल्याचें आधींच ओळखलें तर रक्त गोठूं न देणाऱ्या साध्या औषधांनीं पुढचा पक्षाघात टाळण्याची चांगली आशा असते, आणि पुष्कळांची फाटलेली भिंत कांहीं महिन्यांत आपोआप भरूनहि येते.

श्रोतेहो, ज्या वैद्यांचीं नांवें मीं घेतलीं त्यांच्यापैकीं बहुतेकांपाशीं आजचीं यंत्रें नव्हतीं. त्यांच्यापाशीं होतें एका माणसाकडे नीट पाहण्याचें आणि त्याचें बोलणें नीट ऐकण्याचें सामर्थ्य. बारामतीच्या कवीला कोणतें अक्षर ओठांचें आणि कोणतें जिभेचें हें पक्कें ठाऊक होतें. तेवढें काव्य आपल्या सर्वांना साधणार नाहीं. परंतु घरांतल्या माणसाचें 'त' आज कालच्यासारखें उमटत नाहीं, एवढें ओळखण्यापुरता कान प्रत्येक घरांत असतो. त्या कानावर विश्वास ठेवा; कधीं काळीं तोच एखाद्याचा हात आणि एखाद्याची वाचा वांचवील.